धक्क्यावरचं दार

अट्रॅक्टा बॅरेट माझ्या दुकानात कधी आत येत नाही. सायकलचं पुढचं चाक दाराच्या चौकटीत घालते, एक पाय पायरीवर ठेवते आणि तिथूनच हाक मारते, "टीजे, दूध." मी दूध नेऊन हातात देतो. पेट्रोल पंपावर गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी आधी तिचं दूध. तिला थांबवायचं म्हणजे वाऱ्याला थांबवायचं, आणि आमच्या मेयो परगण्याच्या किनाऱ्यावर वारा कुणाच्या बापासाठी थांबत नाही.

एकतीस वर्षं तिनं कार्नमोर आणि आसपासच्या वाड्यांवर टपाल वाटलं. हिरवी व्हॅन, मागे पार्सलं, पुढे पेपरात गुंडाळलेली पाव-हॅमची न्याहारी. साठाव्या वर्षी खात्यानं केक कापला आणि व्हॅनची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बघतो तर बाई भावाची जुनी सायकल काढून त्याच वाटेला लागलेली. पिशवी नाही, पत्र नाही.

"टपाल नाही, मग निघालीस कुठं?" मी विचारलं.

"मग काय, तुझ्यासारखी बसून राहू?"

महिनाभर सगळ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मग कळलं, हे नुसतं फिरणं नव्हे. ती वाटा जोडत होती. कुठल्या गल्लीचं डांबर उखडलंय, कुठल्या घराचं कुत्रं पोटरीला धरतं, मेंढरं कुठल्या वळणावर आडवी पडतात, कुठल्या उतारावर वारा कडेनं येऊन सायकलीसकट उचलतो, हे सगळं तिच्या डोक्यात होतंच. तिनं ते कागदावर उतरवलं. चाळीसचा एक फेरा, सत्तरचा एक, आणि शेवटी दोनशे किलोमीटरचा. बँगरवरून खाली मल्रॅनी, न्यूपोर्ट, तिथून आत क्रॉसमोलिना, वर बॅलीकॅसल, आणि मग उत्तरेच्या कड्यांवरून पश्चिमेला तोंड करून घरी. शेवटचे साठ किलोमीटर वारा थेट छातीवर. "वारा आधी पाठीला द्यायचा आणि मग तोंडावर मारायचा," ती म्हणायची, "नाहीतर लोकांना वाटेल सहल आहे."

आता दर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पस्तीस-चाळीस माणसं हा फेरा मारायला येतात. शर्यत नाही. पहिला कोण हे कुणी विचारत नाही. साडेतेरा तासांत दोनशे पुरे करायचे, एवढंच. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड. वाटेत दुकानांतून वेळ छापलेल्या पावत्या घ्यायच्या, आणि जिथं दुकान नाही तिथं कार्डावर प्रश्न. कुणी वाट तोडून पळू नये म्हणून. प्रश्न असा, की जागेवर गेल्याशिवाय उत्तर देता येऊ नये.

अट्रॅक्टाच्या फेऱ्यात प्रश्न पोर्तग्लासच्या धक्क्यावर असतो. हमरस्त्यावरून चार किलोमीटर खाली समुद्राकडे, धक्क्याला शिवायचं, तेच चार पुन्हा चढून वर. तिथं एक धक्का, दोन होड्या आणि पॅकी गॉहनची जाळ्यांची शेड, एवढंच आहे. पण ते आठ किलोमीटर काढले तर फेरा एकशे ब्याण्णवचा होतो. धक्का आहे म्हणून दोनशे आहेत.

दोन वर्षांपूर्वी गॉलवेचे एक मास्तर, फिंटन नावाचे, त्या वळणावरून खाली न जाता सरळ माझ्या दुकानी आले. चहा मागितला आणि सहज म्हणाले, "धक्क्याच्या भिंतीला लोखंडी कड्या किती हो?" मी पाव कापत होतो. म्हटलं, "सहा." त्यांनी लिहिलं. संध्याकाळी कार्ड तपासताना अट्रॅक्टानं वेळ बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मास्तर, एवढ्या वेळात धक्क्यावर जाऊन यायला तुम्हाला पंख फुटले का?" कार्ड रद्द. मास्तरांचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं झालं. मला आठवडाभर दूधही मागितलं नाही तिनं, दुसरीकडून आणलं.

तर अशी ही बाई. आणि तिला लागला बाराचा नाद.

बारा महिने, दर महिन्याला निदान एक दोनशेचा फेरा, मध्ये खंड नाही. देशभर असे फेरे असतात, आज केरी, पुढच्या महिन्यात वेक्सफर्ड. पहिल्या खेपेला नवव्या महिन्यात तिला ताप आला. दुसऱ्या खेपेला दहाव्यात मनगट मोडलं. तिसऱ्या खेपेला गेल्या ऑक्टोबरात सुरुवात केली आणि ऑगस्टपर्यंत अकरा पुरे झाले. पण उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरनं फोटो दाखवून सांगितलं, हाडावर हाड घासतंय, नोव्हेंबरात बदलून टाकू, आणि त्यानंतर दोनशे-बिनशे विसरा. म्हणजे बारावा महिना हाच, आणि खेप शेवटची.

शनिवारी ती स्वतः निघू शकत नव्हती. लोकांची कार्डं कोण बघणार? पण फेरा भरवणाऱ्याला आधीच्या दोन आठवड्यांत कधीही एकट्यानं तो मारून ठेवायची मुभा असते, आणि तो धरला जातो. अठरा तारखेला, बुधवारी सकाळी सहाला ती माझ्या पंपावरून सुटली.

त्या दिवशी वारा असा होता की माझी पावाची पाटी रस्त्यापलीकडे सापडली. संध्याकाळी मी सात वेळा बाहेर येऊन बघितलं असेल. साडेसातला तिची मुदत संपत होती. सात वाजून चौदा मिनिटांनी ती आली. सायकल आडवी टाकली, आणि पहिल्यांदाच दुकानाच्या आत आली. उजवा पाय फरफटत. पावती घेतली, कार्डावर माझी सही घेतली.

"झाले ना बारा?" मी म्हटलं.

"सही कर आणि गप्प बस," ती म्हणाली.

मला वाटलं, दमलीय.

शनिवारी वारा पडला होता. सदतीस जण निघाले, सदतीस परत आले. समाजमंदिरात मी आणि ती. ती सूप वाढत होती, मी टेबलाशी बसून कार्डं तपासत होतो. यंदाचा प्रश्न होता, धक्क्यावरच्या जाळ्यांच्या शेडचं दार कोणत्या रंगाचं?

पहिल्या कार्डावर लिहिलं होतं, लाल.

मी मनात म्हटलं, या गड्याला रंग कळत नसणार. पॅकीचं दार माझ्या आठवणीत निळं. वीस वर्षं निळं. दुसऱ्या कार्डावरही लाल. तिसऱ्यावर 'लाल, ओला असल्यासारखा चकचकीत'. सदतीसच्या सदतीस कार्डांवर लाल. गठ्ठ्यात तळाला अट्रॅक्टाचं बुधवारचं कार्ड होतं. त्यावर तिच्या टपालखात्याच्या टपोऱ्या अक्षरात, निळा.

मी स्वतःची समजूत घातली. पॅकीनं बुधवारनंतर रंगवलं असेल. दहा दिवस होते मध्ये.

तेवढ्यात पॅकीच दारातून आत आला. रविवारचा कोट घालून, केस चापून. कार्नमोरमध्ये सूप फुकट असलं की पॅकीला कळतंच, पण आज त्याचं सूपाकडे लक्ष नव्हतं.

"काय पोस्टीणबाई," तो म्हणाला, "आवडलं का पाव्हण्यांस्नी?"

"काय?" अट्रॅक्टा वाढतच होती.

"दार. आवंदा ऑगस्टात तूच इचारलंस न्हवं का, पॅकी, दार अजून निळंच हाय ना? तवाच म्या वळखलं, ह्या बाईच्या मनात कायतरी हाय. म्हटलं, लांबलांबनं मान्सं येणार, माझं दार बघणार, आन् त्येचा रंग निघालेला खपल्या-खपल्यांनी. बरं दिसतंय व्हय? लाल डबा पडलाच हुता होडीचा. मारला दोन हात."

"कधी?" मी विचारलं. खरं तर मला विचारायचं नव्हतं.

"बिडीच्या महिन्याच्या मिस्साच्या दिशी. तुझाच हात हातात घेतला की देवळात, आन् तू म्हनलास, पॅकी, कुनाचा मुडदा पाडून आलास."

आठवलं. गावातल्या म्हाताऱ्या बिडीला जाऊन महिना झाला म्हणून देवळात मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती, शुक्रवारी, तेरा तारखेला. प्रार्थनेत शेजाऱ्याशी शांतीचा हात मिळवतात, तो मिळवताना माझ्या तळव्याला लाल लागलं होतं. ते काढायला टर्पेंटाइन लागलं. तेरा तारीख. म्हणजे बुधवारच्या पाच दिवस आधी.

अट्रॅक्टानं पळी पातेल्यात ठेवली. पॅकीला म्हणाली, "छान केलंस. बस, सूप घे." मग माझ्याकडे आली आणि तळाचं कार्ड ओढून घेतलं.

"वळणावर सहा पस्तीस झाले होते," ती हळूच म्हणाली. "धक्का धरून अठरा किलोमीटर आणि पंचावन्न मिनिटं, हा गुडघा, आणि तो वारा. जमत नव्हतं, टीजे. मी म्हटलं, हा धक्का फेऱ्यात घातला कुणी? मीच. दाराचा रंग मला नाही ठाऊक तर कुणाला? तिथंच उभ्या उभ्या लिहिलं."

"एक शब्द आहे," मी म्हटलं. "पेन हे माझ्या हातात आहे. निळ्यावर रेघ मार, लाल लिही, चुकून लिहिलं म्हण. फेरा भरवणारी तू, सही करणारा मी. पॅकी काय, तो सूप पितोय."

"आणि मास्तर?"

फिंटन मास्तर भिंतीकडच्या टेबलाशी पावाला लोणी लावत बसले होते. यंदा आले होते, आणि धक्क्यावर खाली जाऊन आल्याचा फोटोही काढून आणला होता त्यांनी, कुणी मागितला नसताना.

"मास्तरांचं काय? त्यांना कशाला कळतंय?"

"मला कळतंय की."

ती तिथंच उभी राहिली, डाव्या पायावरून उजव्या पायावर, उजव्यावरून पुन्हा डाव्यावर. उजव्यावर आली की ओठ आवळायची. मी बोलत राहिलो. अकरा महिन्यांचं काय, पावसाचं काय, फेब्रुवारीत वॉटरफर्डच्या बर्फात बोटं सुजली होती त्याचं काय. गुडघा नोव्हेंबरात कापणार, मग परत कधी? मला वाटतं मी जरा जास्तच बोललो, कारण पावाची दुसरी थाळी आणायला उठलेले मास्तर आमच्यापाशी थांबले.

"काय झालं, अट्रॅक्टाबाई? माझा फोटो खोटा निघाला का?"

तिनं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

"मास्तर, मी धक्क्यावर गेले नाही. तुमच्यासारखंच केलं मी. तुम्ही निदान कुणाला तरी विचारलं, मी तेवढंही केलं नाही. तुम्ही रद्द करा, माझ्या हातनं नको."

मास्तरांनी कार्ड वाचलं. मला वाटलं, आता दोन वर्षांचं उट्टं काढणार. काढलंही थोडं. "सगळ्यांना उभं राहून सांगू का? माझ्या वेळी सांगितलं होतंत," ते म्हणाले.

"सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. माझ्या हातातलं पेन घेतलं, कार्डावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली, आणि खिशात पेन ठेवता ठेवता विचारलं, "आज तारीख किती?"

"अठ्ठावीस."

"मग महिना कुठं संपलाय. उद्या क्लेअरमध्ये आहे एक दोनशेचा फेरा. लिसडूनवार्नाहून, सकाळी सातला. मी निघालोच आहे. गाडीवर दुसऱ्या सायकलीला जागा आहे." मग गुडघ्याकडे बघून म्हणाले, "पण मी तुमच्या जागी असतो तर गेलो नसतो."

"तुम्ही माझ्या जागी होतात की," ती म्हणाली, "आणि चहा पीत बसलात." एवढं म्हणून ती एप्रन सोडायला लागली.

"अगं, दिवसभर पायावर उभी आहेस," मी म्हटलं. "सूप कोण वाढणार? भांडी?"

"तू."

दहा मिनिटांत सायकल मास्तरांच्या गाडीवर बांधली गेली. गाडी पंपावरून वळली तेव्हा मास्तरांनी आमच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. तिनं तेवढंही केलं नाही, मांडीवर नकाशा पसरून ती आधीच खाली वाकली होती.

रविवारी मला दुकानात चैन पडेना. सकाळी मिस्साला गेलो, काय ऐकलं आठवत नाही. दुपारी एका गिऱ्हाइकाला डिझेलऐवजी पेट्रोल भरणार होतो, त्यानंच हात धरला. सातला सुटली म्हणजे साडेआठपर्यंत. पाच वाजता वाटलं, गुडघा गेला असणार. सहा वाजता वाटलं, बरंच झालं गेला तर, घरी येईल. सातला दुकान बंद केलं आणि फोन गल्ल्यावर ठेवून त्याच्याभोवती फेऱ्या मारायला लागलो. पॅकी पाळलेल्या बोकडासारखा मागे मागे. त्याला राहून राहून वाटत होतं की त्यानं काहीतरी बिघडवलंय, आणि काय ते त्याला कुणी सांगत नव्हतं.

"दार परत निळं मारू का?" त्यानं विचारलं.

"गप बस, पॅकी."

साडेआठ वाजले. आठ पस्तीस. आठ चाळीसला फोन वाजला.

"टीजे." दम लागलेला होता, मागे भांड्यांचा आवाज होता.

"बोल."

"आठ अठराला पोचले. बारा मिनिटं राखून."

"आणि प्रश्न?"

"तीन होते. तिन्ही ठिकाणी उतरले. एका विहिरीच्या पाटीवर किती ओळी, असा होता एक. दोनदा मोजल्या, मग बोट लावून परत एकदा. त्यातच वेळ गेला मेला."

"कार्ड घेतलं त्यांनी?"

"घेतलं. वाचलं. सही केली." मग आवाज फोनपासून लांब गेला. मला वाटलं, रडतेय, पण ती कुणालातरी सायकलीचा दिवा मागत होती. "टीजे, ऐक, मास्तर आले नाहीत अजून. शेवटच्या चढाला माझ्या मागं होते, पंक्चर म्हणाले, पुढं व्हा म्हणाले. मुदत तर गेलीच त्यांची. अंधार पडलाय आणि त्यांचा मागचा दिवा मघापासून मिणमिणत होता. बघून येते."

"अगं, गाडी पाठवतील ते लोक. तुझा पाय..."

"गाडी निघायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे ना," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.