चिंचेनं न घासलेला नळ

त्या दिवशी मला पाणी मिळालं ते नरसम्मामुळे, हे आधी सांगते. आज इथं नाशकात तांब्याची घागर चिंचेनं घासताना आंबट वास आला आणि सोलापूरचा तो नळ आठवला.

जेऊरहून नवऱ्याच्या मागं गिरणीच्या गावात नुकतीच आले होते. लेक तापानं फणफणलेली, घरात पाण्याचा थेंब नाही. तिसरीत शाळा सुटली, तरी पाटीवरचं ‘सार्वजनिक नळ’ वाचता आलं, म्हणून चावी फिरवली. गावाकडं आमचा पाणवठाच वेगळा होता; शहरातल्या सार्वजनिक नळालाही आमच्या जातीनं शिवायचं नाही, कुणी वरून ओतेल तेवढंच घ्यायचं, हे मला ठाऊकच नव्हतं.

“लई शिकलीया बाई,” रांगेतली एकजण म्हणाली. “आता चिंचेनं नळ घासल्याबिगर कुणी भरायचं न्हाय.”

“पोर तापलीया,” एवढंच मी म्हणू शकले.

मागून विणकरांची नरसम्मा पुढं आली. “भरू दे की. नळ कमिटीचा हाय, तुज्या सासऱ्याचा न्हाय.” तिनं माझी घागर भरू दिली. मग नळ न घासताच आपली कळशी भरली आणि सगळ्यांसमोर ओंजळभर पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवसापासून रांगेत तिच्याशी कुणी बोलेना. मला तेव्हा फक्त भरलेली घागर दिसत होती. तिनं काय सोसलं ते आता कळतं. एकदा सोलापूरला जाईन आणि तिची कळशी माझ्या हातानं भरून तिच्या चुलीपर्यंत नेऊन ठेवीन.