बाहेरच्या खोलीतलं पान

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार माझ्या आईचे. वडील देवासला कारखान्यात होते, ते लवकर गेले. त्यांच्यामागे तिने कारखान्यातल्या एकट्या मुलांसाठी घरातच खानावळ चालवली. तिने लाटलेल्या पोळ्यांवर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

खानावळीचा नियम साधा होता. पैसे देणारे बाहेरच्या खोलीत बसणार, आधी आणि गरम जेवणार. घरचे मागाहून, आत, उरलंसुरलं. आई, धाकटी बहीण आणि मी तव्याजवळ बसायचो. कढईला चिकटलेला मसाला आई पोळीच्या तुकड्याने पुसून घ्यायची आणि तो घास माझ्या तोंडात घालायची.

पदवीनंतर मला देवासलाच नोकरी लागली. पहिला पगार तिच्या हातावर ठेवला. तिने खानावळीच्या दराएवढे पैसे काढून घेतले, बाकीचे मला परत दिले.

"आता तूसुद्धा भाजीला नावं ठेव," ती म्हणाली. "फुकट खाणाऱ्याला ती सोय नसते."

मी हसलो. संध्याकाळी आत गेलो, तर माझं ताट तिने बाहेर नेऊन ठेवलं होतं.

"आई, मी घरचा आहे."

"पैसे देणारा आधी जेवतो. दिवसभर राबून आलेल्याने उरलेलं का खायचं? बस गुपचूप."

बाहेरची मुलं ओरडली, "आओ भिया, नए मेंबर!" आमच्याकडे भैयाला भिया म्हणतात; खानावळीतल्या प्रत्येक मुलाला आईही भियाच म्हणायची.

तिने मला बढती दिली होती, हे कळत होतं. पण आतून तिचं आणि बहिणीचं हसणं ऐकू यायचं आणि घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा. धारला शाळेत शिक्षक म्हणून जाईपर्यंत मी बाहेरच जेवलो.

आता खानावळ बंद होऊन बरीच वर्षं झाली. बहीण आईजवळ राहते. आई आधी वस्तू विसरायची, मग गल्ली विसरायला लागली. मी दर रविवारी जातो. गेल्या हिवाळ्यात दारात चपला काढत होतो, तेव्हा तिने वर पाहिलं.

"या भिया. हातपाय धुऊन घ्या, पान मांडलंय."

बाहेरच्या खोलीत भिंतीलगत ताटं मांडलेली होती. सगळी रिकामी. त्यातल्या एकापुढे मी बसलो. तिने गरम पोळी वाढली, मीठ बरोबर आहे ना विचारलं.

"आई, मी आहे."

"सगळी मुलं मला आईच म्हणतात," ती समजुतीने म्हणाली.

"तुम्ही नाही जेवत?" तिला मी पहिल्यांदाच अहो-जाहो केलं.

"माझा मुलगा यायचाय. तो आला की आम्ही आत बसू."

मी उठून आत गेलो. तव्याजवळ एक ताट पालथं ठेवलेलं होतं. "दादा, हे रोजचंच आहे," बहीण हळूच म्हणाली. "मला पण हात लावू देत नाही त्याला." तेवढ्यात आई मागून आली.

"भिया, इथे नाही. इथे घरचे बसतात."

धारला माझ्या घरी तवा तापला, की अजून ते शब्द कानावर येतात. मी मागे वळून पाहतो. कोणी नसतं.

फोनवर तिला माझा आवाज परका वाटतो. पोस्टमनने आणलेल्या कागदावर मात्र तिचा विश्वास आहे. विजेचं बिलसुद्धा ती उशाशी जपून ठेवते. म्हणून मी पत्र लिहिलं. ते तिला बहीण वाचून दाखवणार. बहीण हिंदी शाळेत शिकलेली, मराठी अडखळत वाचते, तेव्हा तिच्यासाठी अक्षरं मोठी काढली.

"आई, नमस्कार करतो. मी धारला सुखरूप आहे. मला यायला उशीर होईल, माझ्यासाठी उपाशी थांबू नकोस. रविवारी तुझ्याकडे एक चष्मेवाला भिया जेवायला येतो. त्याला मी ओळखतो, चांगला आहे. त्याच्याकडून पैसे घेऊ नकोस. जो पैसे देत नाही तो घरचा, हा तुझाच नियम. मी येईपर्यंत माझ्या ताटावर त्याला बसव, आत, तव्याजवळ. उरलंसुरलं चालेल त्याला. आणि कढई पुसलेला घास त्याला दे. तुझा मुलगा."