व्हय म्हणू नका, आबा

बारामतीत स्कॅन काढणारी ती पोरगी मला अजून दिसते. आमचे हे उसाच्या ट्रॉलीवरनं डोक्यावर पडलेले. आत रक्त साकळलंय का, तेवढंच कळायचं होतं. मला तर काचेमागं तिच्याशेजारच्या बाकावर बसवेना.

"हलल्यामुळं फोटोत कवटी दुहेरी दिसतीय. हलू नका, आबा," ती काचेमागनं म्हणायची, की हे मान डोलवायचे, "व्हय बाई." माझ्या बोलण्याला जन्मात मान न डोलवणारा माणूस!

शेवटी ती हसली. "आता मी बोलतच न्हाय." डोक्याला हळूच पट्टा बांधला आणि काचेमागं स्वतःच मान ताठ करून, श्वास रोखून बसली. फोटो स्वच्छ आला.

डॉक्टर म्हणाले, रक्त नाही. "हलवा आता हवी तेवढी मान," मी ह्यांना म्हटलं. वळून बघते तर ती पोरगी स्वतःचीच मान चोळत होती.