वर्कशॉपमध्ये न येणारा आवाज

"आला?" भोईरकाकांनी विचारलं.

"नाही."

"आता?"

"नाही हो, काका."

ठाण्यात कोलशेतच्या खड्ड्यांतून त्यांची पिकअप मी पुन्हा पुन्हा फिरवत होते. काका शेजारी बसून मागे कान लावून होते. ब्रेक दाबून पाहिला, स्पीड ब्रेकरवरून मुद्दाम जोरात नेली. गाडी गप्प.

मी इथल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनिअर आहे. राहायला दिव्याला. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे बी. ई. मेकॅनिकल हे मी जरा ठासूनच सांगते. काकांनाही सांगितलेलं. ते म्हणाले, "मग तर आवाज सापडायलाच पायजे."

तक्रार साधी होती. ब्रेक मारला की मागून ठक्. गाडी उचलली की पुन्हा ठक्. काकांना एका कंपनीच्या कँटीनला भाजी पोचवायचं काम मिळालं होतं, आणि त्या भरवशावर त्यांनी मार्केटमधला गाळा सोडला होता. पण गेटवरच्या सुपरवायझरने आवाज ऐकला आणि गाडी परत पाठवली. "आत काहीतरी तुटून पडेल. सोमवारी नीट करून आणा, नाहीतर दुसरा माणूस बघतो." आज शनिवार.

आधी दोन गॅरेज झाली होती. एकाने शॉक अब्सॉर्बर बदलले. दुसऱ्याने पाट्यांचे बुश बदलले. पाटे म्हणजे मागचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, आणि बुश म्हणजे त्यांच्या टोकांना असलेली रबरं. आवाज तसाच.

मी प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवून पाहिला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा हा लांब दांडा. त्याचे सांधे झिजले की असाच ठक् आवाज येतो. सांधे घट्ट होते. मग वाटलं, आवाज लोड असतानाच येत असेल. वाळूच्या गोण्या टाकून चक्कर मारली. काही नाही.

आमचे मॅनेजर सावंत सर आले. "स्नेहल, डिफरन्शियल उघड." मागच्या दोन चाकांच्या मधली ती गोल गिअरची पेटी. उघडली की सोमवार गेलाच.

"सर, आवाज अजून मी ऐकलेला नाही."

"काकांनी ऐकलाय ना?"

"मग काकांनाच उघडू?"

सर हसले आणि चहाला गेले. म्हणजे तोवर मुदत होती.

गाडी लिफ्टवर घेतली आणि टॉर्च घेऊन खाली उभी राहिले. चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, सगळीकडे चिखल, गंज, धूळ. फक्त एका आडव्या पट्टीवर तळहाताएवढा भाग घासून चकचकीत झालेला, त्यावर रबराचे काळे ओरखडे. त्याच्या खाली मोकळी जागा, आणि सुतळीने नीट बांधून ठेवलेली एक साखळी. पिकअपचं जादा चाक याच साखळीला टांगतात.

"काका, स्टेपनी कुठाय?"

काका छताकडे बघायला लागले. "घरी."

"पंक्चर आहे?"

"नाय गो. नवीन टायर टाकलाय."

"मग घरी का?"

त्यांनी सर लांब आहेत ना बघितलं आणि आवाज खाली आणला. "गॅरेजला गाडी देताना मी स्टेपनी काढूनच देतो. मागं एकानं नवा टायर ठेवून घेतला आन् गुळगुळीत लावून दिला. तुमच्यावर संशय नाय हां!"

"आधीच्या दोन्ही गॅरेजलाही काढून दिलेली?"

"सगलीकडं. आपल्याकडं भेदभाव नाय."

मला हसू आवरेना. पण त्यांना काय बोलणार? आमचे बाबा मिक्सर रिपेअरला देताना भांडी घरी ठेवतात.

काकांनी घरी फोन लावला. थोड्या वेळाने रिक्षातून काकी उतरल्या. सीटवर स्टेपनी ऐसपैस बसलेली, काकी कोपऱ्यात अंग चोरून.

"ही घ्या तुमची लाडकी," काकी म्हणाल्या. "हिला देव्हाऱ्याशेजारी ठेवतात. मला घरात बसायला जागा नाय."

स्टेपनी लावली, गेटबाहेर नेऊन ब्रेक मारला. ठक्!

"आला!" काका असे ओरडले की पानवाला टपरीतून बाहेर आला.

साखळीच्या टोकाला चाक धरून ठेवणारी एक प्लेट असते. ती वाकली होती, त्यामुळे चाक झुलायचं आणि चॅसीवर आपटायचं. प्लेट बदलली, साखळी ताणून घट्ट केली. पुन्हा चक्कर मारली, या वेळी काकीही बसल्या. आवाज फक्त त्यांचाच होता.

सोमवारी काकांचा फोन आला. सुपरवायझरने गाडी गेटसमोर मागे-पुढे करून घेतली, खाली वाकून बघितलं. "मॅडम, भाजी आत गेली," काका म्हणाले.

बिघाड शोधायचा तर गाडी अख्खी समोर हवी, एवढं मी त्यातून शिकले. हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये गाडी कुणाच्या घरून येत नाही. आता गाडी आत घेताना मी आधी विचारते, "घरी काय काय काढून ठेवलंय?"

सगळे म्हणतात, "काहीच नाही." मी थांबते. मग हळूच उत्तर येतं, "फक्त स्टेपनी."