हरल्याचा रकाना

"यंदा तरी फॉर्मात हरल्याचा रकाना निघाला का, भाऊ?" चष्मा कपाळावर चढवून ते विचारायचे. मी नाही म्हटलं की खुर्चीत बसत. "मंग सरकारले आपल्या जिंकण्याशीच मतलब आहे म्हना की!"

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात ते बाबू होते, मी ग्रंथपाल. जुलैत अर्ध्या कॉलेजची आयकर विवरणपत्रं माझ्याच टेबलावर भरली जायची. त्यांना लॉटरीचा नाद होता. बक्षीस लागलं तर ते उत्पन्नात दाखवावं लागतं, वाया गेलेल्या तिकिटांचा खर्च मात्र त्यातून वजा होत नाही. हे मी त्यांना दरवर्षी समजावायचो आणि ते दरवर्षी नव्याने दुखावायचे. आम्ही सगळे हसायचो. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, वरच्या खिशावर सारखा हात ठेवणारं. त्या खिशात काय आहे, हे आपण गमतीनेच विचारतो.

मग एका वर्षी त्यांना खरंच बक्षीस लागलं. कर आधीच कापून आला होता. "दाखवू नका, कोन पाहते?" कॅशियर म्हणाला. ते चिडले. "सरकारी कागदावर खोटं लिहू काय?"

दुपारी मात्र पुस्तकांच्या कपाटामागे येऊन हळूच म्हणाले, "घरी खोटंच बोलून राह्यलो, भाऊ. तिच्या भिशीचे पैसे बँकेत आहेत म्हनून सांगतो. सारे तिकिटात गेले. हे बक्षीस त्याच्यापुढं काईच नाई. घरी जीभ उचलत नाई. उद्या तिले इथीच आणतो, तुमच्यासमोर सांगतो."

मला ते बरंच वाटलं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी नालवाडीच्या घरून ठेवणीतली साडी नेसून आल्या. मी बक्षिसाची रक्कम वाचली.

"बक्षीस? अन् मले सांगितलं नाई!" त्या हसल्या.

"आता हरलेलं आईक," ते म्हणाले आणि टेबलाकडे बघत सगळं बोलून गेले.

वहिनींनी पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, इथी पानी भेटन का?" एवढंच. ते सुटल्यासारखे घाम पुसत राहिले. पुढे त्यांनी तिकीट घेतलं नाही.

या उन्हाळ्यात ते गेले. त्यांचं शेवटचं विवरणपत्र वारस म्हणून वहिनींना भरायचं होतं, म्हणून मी नालवाडीला गेलो. काम झालं, तरी त्या उठल्या नाहीत.

"त्या दिवशी घरी सांगितलं असतं तर मी भांडली असती," त्या म्हणाल्या. "पण तुमी समोर होते. परक्यासमोर नवऱ्याले कशी बोलू? मंग घरी येऊन ते इतके चूप, इतके गरीब होऊन बसले का भांडाचं राहूनच गेलं. आता कोनाशी भांडू?"

हे ठाऊक असूनच त्यांनी माझं टेबल निवडलं का? असेल. पण टेबल मी दिलं होतं.

"त्यांच्या वाटचं मला बोला, वहिनी."

त्यांनी विवरणपत्र बाजूला सारलं. मग आवाज चढला. "लोकाइचे ब्लाउज शिवून शिवून भिशी भरली मी! अन् तुमी? जराशी लाज नाई वाटली? रोज माह्या हातचं जेवत होते ना? मान वर करा! खाली काय पाहून राह्यले?"

मला मान वर करता आली नाही.