बसा म्हणणारं शहर

माझ्या मामांना देशातली तीस-चाळीस शहरं माहीत होती, आणि त्यांतल्या एकातही त्यांनी कधी काही पाहिलेलं नव्हतं. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ते मुकादम होते. आमच्या शहरात कुणाची बदली झाली की मामा चार हमाल आणि एक ट्रक घेऊन त्याच्या दारात हजर. काचेची भांडी पेंढ्यात, आरसे दोन गाद्यांच्या मध्ये, पुस्तकं लहान खोक्यांत, कारण मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की उचलणाऱ्याची कंबर गेलीच. ट्रक दुसऱ्या शहरात पोचला की सामान वर चढवायचं, कागदावर सही घ्यायची आणि रिकाम्या ट्रकमधून परत यायचं. त्यांच्या खिशात कायम सुतळीचं बंडल असायचं, म्हणून सगळे नातेवाईक त्यांना सुतळीमामा म्हणत. मामांना ती हाक आवडायची. मामीला आवडायची नाही, कारण तिच्या शिलाई मशीनच्या खणातसुद्धा सुतळी निघायची.

शहरांची परीक्षा मामा जिन्यांवरून करत. कुणी नुसतं एखाद्या शहराचं नाव काढायचा अवकाश, त्यांचा पाढा सुरू. "बंदराचं शहर? नाव नको काढूस. गोल लोखंडी जिने, आणि घरमालक वर उभा राहून ओरडतोय, भिंतीला लावू नका, भिंतीला लावू नका! अरे, मग कपाट काय हवेतून आणू?" टेकडीवरच्या शहरात ट्रक वर जात नाही, शेवटचा चढ खांद्यावरून, आणि तिथली माणसं म्हणे जात्याच चिडकी. राजधानीत लिफ्ट आहे पण तिच्यावर पाटी आहे की सामान नेऊ नये. अशी एकेका शहराला त्यांनी नावं ठेवली. मी भूगोलात कधी नापास झाले नाही याचं श्रेय मामांना आहे, आणि कुठेही फिरायला जायचा माझा उत्साह मेला याचंही.

एकच शहर त्यांच्या मनात भरलं होतं. नदीकाठचं. आमच्यापासून बसने अकरा तास. तिथल्या एका घराची गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मधल्या खोकल्यासकट मी ती म्हणून दाखवीन. बावीस वर्षांपूर्वी आमच्याच शहरातल्या एका कुटुंबाचं सामान घेऊन ते तिथे गेले होते. दुसरा मजला, बेचाळीस पायऱ्या, आरशाचं कपाट जिन्यात वळेना म्हणून दोर लावून खिडकीतून आत घेतलं. सगळं झाल्यावर मामा सहीचा कागद घेऊन उभे राहिले. घरातली बाई म्हणाली, "बसा." आणि त्यांनी स्वतः वर आणलेली खुर्ची तिने त्यांच्यापुढे सरकवली. मग पाणी दिलं, चहा दिला, वाटेत काय काय लागलं ते विचारलं, तासभर उठू दिलं नाही.

"इतक्या वर्षांत किती खुर्च्या चढवल्या असतील मी," मामा म्हणायचे. "पण त्यातल्या एकीवर बसा म्हणणारं शहर तेवढं एकच."

यावर मामी मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "हो, छान आहे ते शहर." ती दोघं एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत. मामी खिडकीशी बसून पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवायची. गल्लीतल्या बायका खालून हाक मारायच्या, मामी दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची, कपडे वर यायचे आणि त्यांच्याबरोबर गल्लीतल्या बातम्याही. कुणाच्या मुलाची उंची वाढली हे आईआधी मामीला कळायचं.

मग मामांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता जिने बंद, राहायचं तर तळमजल्यावर राहा. दुसरा कुणी खचला असता. मामा त्याच संध्याकाळी चढत्या आवाजात म्हणाले, "बघ, घर सोडायचंच आहे ना? मग नदीकाठच्या शहरातच जाऊ! दर महिन्याला पेन्शन येणार, ती कुठेही येईल. सगळी शहरं बघून झालेला माणूस मी, माझ्याएवढं कुणाला कळतं?"

मामी म्हणाली, "बघू."

मला मामांचा राग आला. मामीचं सगळं काम, तिच्या मैत्रिणी, तिची रोजची चार वाक्यं त्या गल्लीत होती. नव्या शहरात हिच्याकडे पडदे शिवायला कोण येणार? पण मामांना ते दिसत नव्हतं आणि मामी मूग गिळून बसलेली. मी तिला एकटीला गाठून म्हटलं, "तू सरळ नाही म्हण की." ती म्हणाली, "अगं, ते मला विचारत नाहीयेत. सांगतायत. सांगणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?" शेवटी तिने एकच अट घातली, आधी आठ दिवस जाऊन शहर पाहायचं, मग घर सोडल्याचं मालकाला कळवायचं. मामांच्या गुडघ्यांमुळे पिशव्या उचलायला मी बरोबर गेले. खरं कारण असं की मामीच्या बाजूचं कुणीतरी हवं होतं.

नदीकाठचं शहर खरोखर चांगलं होतं, हे मला नाइलाजाने कबूल केलं पाहिजे. रुंद रस्ते, जुनी झाडं, नदीवर दगडी पूल. पण मामांनी त्यातलं काहीच दाखवलं नाही. मुख्य चौकात ते हरवले. त्यांना सगळं शहर मागच्या बाजूने माहीत होतं, जिथून ट्रक आत घेतात तिथून. पहिले तीन दिवस त्यांनी आम्हाला इमारतींच्या मागच्या दारांशी उभं केलं. "इथे शिसवी पलंग. साठ पायऱ्या. चौकटीतून जाईना, दार बिजागऱ्यांतून काढलं." मामी मान डोलवायची. मी एका कुत्र्याशी मैत्री केली.

चौथ्या दिवशी ते घर. गुडघ्यांचं नाव न काढता मामा कठड्याला धरून बेचाळीस पायऱ्या चढले, प्रत्येक पायरी मोजत. वर पोचले तेव्हा ते घामाघूम झाले होते, तरी त्यांनी आधी केसांवरून हात फिरवला आणि मग घंटा वाजवली. इतक्या घरांत सामान पोचवलेला हा माणूस पहिल्यांदाच कुणाकडे रिकाम्या हाताने, पाहुणा म्हणून आला होता.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. मामांनी ओळख सांगायला सुरुवात केली, कंपनी, ट्रक, साल. बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग मामा म्हणाले, "आरशाचं कपाट खिडकीतून घेतलं होतं, बघा."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही तिकडून आलात? आमच्या शहराहून?"

आम्हाला आत ओढून बसवलंच त्यांनी. पण मामांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांना आमचं शहर हवं होतं. टपाल कचेरीसमोरचं ते वाकडं झाड आहे का? शाळेमागच्या गल्लीत एक बाई खिडकीतून पिशवी सोडून कपडे घ्यायची, ती अजून शिवते का?

"ती मीच," मामी म्हणाली.

यानंतर अर्धा तास आम्ही दोघं नसल्यासारखेच होतो. त्या बाईंच्या धाकटीचा गणवेश मामीने शिवला होता, आणि मामीला त्या मुलीचा डावा खांदा जरा उतरता होता हे अजून आठवत होतं. बाई हसत काय होत्या, डोळे काय पुसत होत्या. मामा खुर्चीत अवघडून बसले होते. अखेर त्यांना राहवलं नाही.

"ताई, एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही मला बसा म्हणालात. आमच्या धंद्यात असं कुणी म्हणत नाही. तेव्हापासून हे शहर माझ्या मनात आहे. माणसांची कदर करणारं शहर. आम्ही आता इथेच राहायला यायचं म्हणतोय."

बाई जरा ओशाळून म्हणाल्या, "अहो, या शहराचं त्यात काय? मी त्याच दिवशी इथे आले होते. तुमच्याच ट्रकच्या मागून."

मामांचा हात खिशातल्या सुतळीच्या बंडलाकडे गेला.

"आणि खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "कदर वगैरे काही नव्हती हो. मला इथे यायचंच नव्हतं. ह्यांची बढती झाली, घरी येऊन म्हणाले, जायचंय. मला कुणी विचारलंच नाही. ह्यांनी सामान उतरायच्या आधीच ऑफिस गाठलेलं. तुमचे हमाल खाली गेले, तुम्ही सही घ्यायला उभे राहिलात, तेव्हा मनात आलं, आपल्या शहराचं शेवटचं माणूस तुम्ही. तुम्ही गेलात की या घरात मी एकटी. म्हणून बसवून ठेवलं तुम्हाला. चहा झाला, पाणी झालं, विचारायला काही उरलं नाही, तेव्हा सोडलं."

"मग आता?" मामीने हळूच विचारलं. "आता लागलं का मन?"

"लागलं की. बावीस वर्षांत कुठेही लागतं," बाई म्हणाल्या. "शहराला दोष नाही. पण सुरुवातीची काही वर्षं मला कुणी परत मिळवून दिली नाहीत."

तिथून निघालो तेव्हा मामा मागच्या दाराकडे न वळता सरळ पुढच्या दाराने बाहेर आले आणि पायरीवर बसले. मला हसू आवरत नव्हतं, कारण एव्हाना माझ्या डोक्यात सगळा हिशेब उलगडला होता. मामांनी आयुष्यभर ज्या ज्या शहरांना नावं ठेवली, तिथला माणूस त्यांना भेटलाच नव्हता. टेकडीवरची चिडकी माणसं आमच्याच शहरातून दमूनभागून, पावसात भिजलेल्या गाद्यांमागे वर चढलेली. एखादा ओरडणारा घरमालक सोडला, तर चाळीस शहरं फिरून हा माणूस सारखा आमच्याच शेजाऱ्यांना भेटून येत होता. मी हे बोलून दाखवणार होते, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं.

"तुला हे माहीत होतं?" त्यांनी मामीला विचारलं.

"ती बाई त्याच दिवशी तिथे आली होती, हे तुम्हीच सांगायचात की दर वेळी," मामी म्हणाली. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं आनंदाने सांगायचात. दिवसभर लोकांची ओझी वाहणारा माणूस, त्याला एक शहर आवडतंय. मी कशाला हवा काढू त्यातली? मला ऐकायला आवडायचं ते." मामी त्यांच्या शेजारी बसली. "राहायला जायचं म्हणाल असं काही वाटलं नव्हतं."

मामांचे हात गुडघ्यांवर होते, आणि बोलताना त्यांनी मामीकडे पाहिलं नाही. "तुला कुठे राहायचंय?" ते म्हणाले.

"कुणाला, मला?"

"हो. तुलाच विचारतोय."

लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या बाईला असा प्रश्न आला की ती लगेच उत्तर देईल असं मला वाटलं होतं. मामी म्हणाली, "चार दिवस आहेत ना अजून? आधी मला हे शहर नीट बघू दे. पुढच्या बाजूने." आणि तिने ते पाहिलं. पुढे ती, मागे काठी टेकत मामा, त्यांच्यामागे पिशव्या घेऊन मी. तिने बटणांची दुकानं शोधून काढली, पुलावर उभं राहून पाण्याकडे हवं तेवढा वेळ पाहिलं, बागेत एका अनोळखी बाईला तिच्या झग्याची शिवण कशी उसवली ते समजावलं. मामा एकदाही म्हणाले नाहीत, चल आता. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण मामीला ते शहर खरंच आवडत चाललं होतं.

परतीच्या दिवशी बसची वाट पाहत असताना तिने उत्तर दिलं.

"शहर छान आहे. दर वर्षी आणा मला. पण राहायचंय मला आपल्या गल्लीत."

"जिने?" मामा म्हणाले.

"तळमजल्यावरच्या बाईंना वरची खोली हवीय. खाली उजेड कमी पडतो म्हणतात. खोल्या बदलायच्या का, म्हणून विचारलंय त्यांनी मला. मालकाचीही हरकत नाही."

"कधी विचारलं?"

"दोन वर्षं झाली. तुमचा गुडघा पहिल्यांदा सुजला होता तेव्हा. मी त्यांना म्हटलं, थांबा जरा, ह्यांच्याशी बोलते."

"मग दोन वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही शहरांबद्दल बोलत होतात ना," मामी म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच ते मामांना लागलं असावं. बसमध्ये त्यांनी तिला खिडकीची जागा दिली. अर्ध्या रस्त्यात त्यांनी विचारायला सुरुवात केली, कुणी गिऱ्हाईक पहिल्यांदाच सामानाची यादी सांगतंय अशा अदबीने. मशीन कुठे ठेवायचं? उजेड कुठून येतो? मोठं कपाट कुठल्या भिंतीला? मामीला सगळं तोंडपाठ होतं.

"आणि दाराची चौकट?" मामा म्हणाले. "कपाट जाईल का तिच्यातून?"

"एक बोट जागा उरते," ती म्हणाली. "तेव्हाच टेपने मोजून ठेवलंय मी."