पूजेला मांडलेलं रिव्हॉल्व्हर

बाबा रिव्हॉल्व्हर साफ करायला बसले की घरात टीव्ही बंद व्हायचा. आई कुकर आधीच उतरवून ठेवायची, आणि मी त्यांच्या समोर बसायची. बाबा फौजेतून सुटल्यावर एका पतसंस्थेच्या रोकड नेणाऱ्या गाडीवर रक्षक होते. परवाना आणि रिव्हॉल्व्हर त्या नोकरीसाठी घेतलेलं. नोकरी संपली, मोहाडीत घर बांधून झालं, तरी ते कपाटात राहिलं आणि अधूनमधून रविवारी दुपारी बाहेर निघत राहिलं.

पद्धत ठरलेली होती. तेलाचा वास डोक्यात जातो म्हणून खिडकी उघडी. चटईवर वर्तमानपत्र. नळी धानाच्या पोत्यांच्या थप्पीकडे आणि बोट ट्रिगरपासून लांब. बाबा काडतुसांची चक्री बाजूला काढत, काडतुसं तळहातावर घेत आणि स्टीलच्या डब्यात टाकत. डबा दुसऱ्या खोलीत गेल्याशिवाय पुढचं काम नाही. मग ते उघडी चक्री उजेडाकडे धरत. प्रत्येक भोकातून खिडकी दिसली पाहिजे. दिसली की चक्री रिकामी आहे या अर्थाने मी म्हणायचं, "खाली."

"मुंडी नको हलवू. बोल," ते म्हणत.

"खाली."

"पोटातून बोल बापा. मले आयकू आलं पाहिजे."

मला हे जड जायचं. मी भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की टीचर रागवायच्या आणि इंग्रजी बोललं की मुली हसायच्या. घरी माझं 'मला' ऐकून मामी म्हणायची, "पाव्हणी बोलली." त्यामुळे कमीत कमी बोलायचं, हे मी लवकर शिकले. पण बाबांच्या त्या एका शब्दातून सुटका नव्हती. तो ऐकल्यावरच ते ब्रश हातात घेत. नळीतून जुन्या बनियानचे तुकडे फिरवत, शेवटचा तुकडा स्वच्छ निघेपर्यंत. तेल मात्र थेंबभरच, जास्त झालं तर धूळ धरतं म्हणून. सगळं आटपलं की आम्ही दोघं साबणाने हात धुऊन चहा प्यायचो.

गेल्या वर्षापासून बाबा विसरायला लागले. एकदा आठवडी बाजारात सायकलने गेले, चालत परतले आणि दुसऱ्या दिवशी सायकल चोरीला गेली म्हणून गल्लीभर विचारत फिरले. सायकल भाजीवाल्याकडे तशीच उभी होती. घरात सगळे हसले, बाबाही हसले. मी त्यानंतर चक्रीच्या भोकांतून जरा जास्त वेळ पाहू लागले.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते आणि त्यात रिव्हॉल्व्हरही असतं. आदल्या दिवशी बाबा ते साफ करतात. या वेळी मला भंडाऱ्याच्या ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही, वर एसटीही उशिरा आली. घरी पोचले तर चटई गुंडाळून ठेवलेली होती.

"आई, बाबांनी साफ केलं ते कोणी पाहिलं?"

"कोण पाहीन? मी वडे तळून राहिली होती," आई म्हणाली.

बाबा मामाशी गप्पा मारत बसले होते. मामा-मामी नात घेऊन सणाला आले होते. मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता, काडतुसं काढली होती का. पण तो विचारला असता तर तुमचं विसरणं मी लक्ष ठेवून पाहते, हेही सांगितल्यासारखं झालं असतं, आणि तेही मामासमोर. मी ताट वाढून घेतलं. काडतुसांचा डबा कपाटात होता आणि कपाटाची किल्ली बाबांच्या कमरेला.

सकाळी पुढच्या खोलीत पूजा मांडली होती. पाटावर लाल कापड, त्यावर विळे, कुदळ, आईची मोठी कात्री, झाकणावर कुंकू लावलेला माझा लॅपटॉप आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. चक्री बंद. मुठीला झेंडूचा हार, सगळीकडे हळदकुंकू आणि अक्षता. बाबांनी ते नळी भिंतीकडे करून ठेवलं होतं. मामाला फोटोत मूठ आणि हार नीट हवे होते, म्हणून आईने पाट फिरवला. आता नळी खोलीकडे होती. पाया पडायला जो पुढे वाके, तो तिच्या समोरच वाके.

पूजा मांडली की संध्याकाळी सोनं वाटून येईपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. दुसरंही माहीत होतं, की ज्याच्या चक्रीतून आपण उजेड पाहिला नाही ते भरलेलंच धरायचं. दोन्ही गोष्टी मला बाबांनीच शिकवलेल्या. मी दाराशी उभी राहिले. मामा वाकला, आई वाकली. आपोआप तर काही उडत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. बाबा खुर्चीत बसून पाटाकडे पाहत होते.

मग मामीने नातीला पुढे सोडलं. "पाया पड बेटा, बाप्पाले पाया पड." ती रांगत गेली आणि तिने झेंडूचा हार मुठीत धरून ओढला. रिव्हॉल्व्हर जागचं हललं.

मी कधी पुढे गेले ते कळलं नाही. तिला उचललं, हार तिच्या मुठीतून सोडवला.

"बाबा, मी पाहिलं नाही."

"काय पाहिलं नाही वो?" मामी म्हणाली. "समोरच तर आहे."

"चक्री. काल कोणीच पाहिली नाही."

मामा हसला. "फौजी माणसाले शिकवून राहिली का तू? इंग्लिश शाळेत बंदूक बी शिकवते काय?"

"सणावारी पूजा मोडते का बाई?" आई हळूच म्हणाली.

माझे कान गरम झाले. मुलगी माझ्या खांद्यावर रडत होती आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. बाबा उठले. त्यांनी हार काढून पाटावर ठेवला, रिव्हॉल्व्हर उचललं, नळी भिंतीकडे केली आणि चक्री बाहेर काढली. दोनचार अक्षता फरशीवर पडल्या. ते खिडकीकडे वळले आणि नेहमीसारखी चक्री माझ्यासमोर धरली.

प्रत्येक भोकातून अंगण दिसत होतं.

"खाली," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबांनी तरी एकेका भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं. मग त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की मला कळलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

"झालं मॅडमचं समाधान?" मामी म्हणाली.

"तिचं नाही वहिनी," बाबा म्हणाले. "माझं झालं."

संध्याकाळी सोनं वाटून आल्यावर ते ओट्यावर बसले आणि मला बोलावून घेतलं.

"काल काडतुसं काढली का चक्रीतच राहिली, मले आठवूनच नाही राहिलं. पहाटे उठून डबा उघडला. तं पहिले किती होते तेच आठवे ना. तेवढ्यात तुह्या आईनं पूजा मांडली. मग हात कसा लावू? सकाळपासून नळीकडेच पाहून राहिलो होतो."

"मीही," मी म्हणाले.

"पोलीस ठाण्यात जमा करून टाकू," ते म्हणाले. "तू चल संगं. माझ्याच्यानं सांगणं होणार नाही."

ठाण्यात जाताना मी मनात एक वाक्य घोकत होते. वय झालं, आता गरज नाही, एवढंच सांगायचं. कोणाला काही लागणार नाही, असं वाक्य.

टेबलामागचा हवालदार बाबांना ओळखत होता. "काहून जमा करता काका? राहू द्या ना घरी. चोर तरी भेते."

बाबा टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले. हवालदार माझ्याकडे वळला. मी घोकलेलं वाक्य तोंडात आलं होतं. पण उद्या यानेच समजूत घातली, तर बाबा ते परत घरी आणतील, हेही त्याच क्षणी दिसलं.

"बाबांना लक्षात राहत नाही," मी म्हणाले.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. उठून त्याने खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "बसा काका." बाबा बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सह्या झाल्या, काडतुसं मोजून घेतली गेली, पुढचे कागद भंडाऱ्याला जातील असं सांगितलं गेलं.

परत येताना बाबा माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मी फार बोलले का, की वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं, हे माझ्या मनात चालू होतं. चौकाजवळ ते थांबले.

"डॉक्टरले बी असंच सांगशील का?"

"कोणत्या डॉक्टरला?"

"हे असं होते त्याचा कोणी असन ना."

"सांगेन," मी म्हणाले. मग असा डॉक्टर भंडाऱ्यात मिळेल की नागपूरलाच जावं लागेल, सकाळची एसटी किती वाजता, आईला आज सांगायचं की जाऊन आल्यावर, हे आम्ही घर येईपर्यंत ठरवत राहिलो, आणि ठरलं काहीच नाही.